ठाणे-नवी मुंबईत कुठलं काम कुठं होतं: आधी हद्द ओळखा, मग रांगेत उभे राहा

पत्त्यावर "नवी मुंबई" लिहिलंय म्हणजे तुम्ही नवी मुंबई महापालिकेत राहता असं अजिबात नसतं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, सगळ्यांच्या पत्त्यात नवी मुंबई, पण पालिका पनवेलची, जी १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, जिल्हा रायगड, कलेक्टर बसतात अलिबागला, पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे आणि लोकसभेला मतदान मावळसाठी. आता बोला. आणि तिकडं वाशी-नेरूळ-ऐरोलीवाल्यांची पालिका त्यांची स्वतःची, १९९२ पासूनची, पण जिल्हा ठाणे आणि तालुकाही ठाणेच, त्यामुळे पोराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ऑनलाइन फॉर्ममध्ये तालुका म्हणून "नवी मुंबई" शोधत बसलात तर सापडणारच नाही, "ठाणे" निवडायचं.

एवढं सांगायचं कारण, आपल्याकडं लोकांच्या फेऱ्या वाया जातात त्या बहुतेक करून चुकीच्या दारात गेल्यामुळे. आमच्या ओळखीतले एक काका खारघरहून लोकल बदलत ठाण्याला आले, तासभर रांगेत उभे राहिले आणि खिडकीवरच्या ताईंनी आधार कार्ड बघून दोन सेकंदात सांगितलं, "काका, तुमचं पनवेल तहसीलला." बिचाऱ्यांची सगळी कागदपत्रं फाइलमध्ये क्रमाने लावलेली होती, फक्त जिल्हा चुकला. तर कामाला लागण्याआधी मोबाइलच्या नोट्समध्ये पाच-सहा ओळी लिहून ठेवा: आपली पालिका आणि प्रभाग, जिल्हा-तालुका, पोलीस स्टेशन, लाइटचं सबडिव्हिजन, रेशनिंग ऑफिस, मतदारसंघ. एकदा लिहिलं की वर्षानुवर्षं पुरतं, आणि घरात रात्री दोन वाजता काही झालं तर ग्रुपवर "कुणाकडे नंबर आहे का" विचारत बसावं लागत नाही.

हे शोधायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. त्यावर प्रभाग समिती किंवा विभाग कार्यालयाचं नाव असतं. भाड्याने राहत असाल तर मालकाकडे किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बिलाचा फोटो मागा, कुणी नाही म्हणत नाही. ठाणे महापालिकेत नऊ प्रभाग समित्या आहेत, नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकरनगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं, दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर. पाचपाखाडीचं मुख्यालय किंवा बेलापूरची ती मोठी घुमटवाली बिल्डिंग दिसायला भारी आहे, पण तुमची ९० टक्के कामं तिथं होतच नाहीत, जवळच्या प्रभागात होतात. थेट मुख्यालयात गेलात तर तिथला शिपाई तुम्हाला परत प्रभागातच पाठवणार.

हद्दीच्या कडेला राहणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्या. घोडबंदर रोडला गायमुख ओलांडून चेण्याकडे गेलात की मीरा-भाईंदर. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडं मुंबई पालिका. पलावा-डोंबिवली कल्याण तालुक्यात. उलवे रायगड जिल्ह्यात आणि तिथं सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा कारभार. बिल्डरच्या जाहिरातीत "ठाणे" आणि "नवी मुंबई" हे शब्द रबरासारखे ताणलेले असतात, त्यावर विश्वास ठेवून हद्द ठरवू नका.

लाइटचं बिल हा दुसरा कागद. ठाणे आणि नवी मुंबईत महावितरण, बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि तुमच्या सबडिव्हिजनचं नाव असतं. कळवा-मुंब्रा-दिव्यात मात्र मार्च २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून बघते, म्हणजे तिथल्या तक्रारी टोरंटकडं. महावितरणसाठी १९१२ किंवा १८००-२३३-३४३५. आणि हो, "आज रात्री तुमची लाइट कट होणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर तो फ्रॉड असतो, डोळे झाकून डिलीट मारा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, जो पहिला दिसतो तो कधीकधी चोरांनीच टाकलेला असतो, बिलावर छापलाय तोच नंबर लावायचा.

दाखल्यांचं काय

उत्पन्न, रहिवास म्हणजे डोमिसाइल, जात, नॉन क्रिमिलेअर म्हणजे ओबीसी वगैरेंना उत्पन्न मर्यादेत असल्याचा, हे सगळे महसूल खात्याचे दाखले. पालिकेत मिळत नाहीत. दोन रस्ते आहेत, एक तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्र, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारी केंद्रं, आणि दुसरा घरबसल्या "आपले सरकार" पोर्टल. गावाकडून नवीन आलेल्यांना सवय असते की तलाठ्याला गाठलं की काम होतं, इथं तसं चालत नाही, अर्ज ऑनलाइनच जातो, तुम्ही केंद्रात गेलात तरी तिथला मुलगा तेच पोर्टल उघडून तुमच्यासाठी भरत असतो.

स्वतः भरायचं ठरवलंत तर लोक जिथं अडकतात ती जागा सांगते. फोटो. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि पोर्टलला हवा असतो १६० बाय २०० पिक्सेलचा, ५ ते २० केबीमधला. तो तसाच टाकायला गेलं की लाल अक्षरात एरर येते, माणूस तीनदा प्रयत्न करतो, वैतागतो आणि पाचशेची नोट घेऊन एजंटकडं जातो. अरे बाबा, फोनमध्ये फोटो रिसाइज करायचं कुठलंही फुकटचं अॅप घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कागदपत्रांचंही तसंच, स्कॅन फार मोठा नको आणि फार बारीकही नको, ७५ केबीच्या वर आणि ५०० केबीच्या आत बसवा. आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घ्या, नाहीतर "पत्ता दिसत नाही" म्हणून अर्ज परत येतो.

प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्पपेपर आणा असं कुणी सांगितलं तर थांबा. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन क्रिमिलेअर असल्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २०२५ मध्ये सरकारने ते परत एकदा स्पष्ट केलं, साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालतं. केंद्राच्या भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, ते वाचा, त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. पावती म्हटलं की आवाज लगेच खाली येतो.

आणि वेळ. दहावी-बारावीचे निकाल लागले की जूनमध्ये सेतूबाहेर जी रांग लागते ती बघवत नाही, सर्व्हर डाउन, आईबाप घामाघूम, पोरं मोबाइलमध्ये. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षावर चालतो, ३१ मार्चला संपतो, म्हणून पोरगं दहावी-बारावीला असेल तर एप्रिलमध्येच नवीन दाखल्याला अर्ज टाका. नॉन क्रिमिलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं हेही लक्षात ठेवा. डोमिसाइलसाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, मग जुनी लाइट बिलं, शाळा सोडल्याचा दाखला, भाडेकरार, जे असेल ते शोधून ठेवा. जुनी बिलं रद्दीत घालायच्या आधी वर्षाला एक तरी बाजूला काढत चला.

अर्ज केला की एक पावती मिळते, त्यावर अर्ज क्रमांक असतो. ती पावती सोन्यासारखी जपा, कारण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. मुदत उलटली की पहिलं अपील, मग दुसरं अपील आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपील प्रत्यक्षात फार कमी लोक करतात, पण "मी अपील टाकतोय" असं शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा फाइल हलते, भांडायची गरज पडत नाही.

रेशन कार्डची गंमत वेगळीच. गावाला रेशन कार्ड म्हणजे तहसील, पण ठाणे शहर आणि नवी मुंबई मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात येतात, इथं शिधावाटप कार्यालयं वेगळी आहेत, तहसीलदाराचा त्याच्याशी संबंध नाही. खारघर-पनवेलवाल्यांना मात्र परत तहसीलचीच पुरवठा शाखा. नाव वाढवायचं, कमी करायचं, पत्ता बदलायचा, सगळं त्या त्या ठिकाणी. तुमच्या गल्लीतल्या रेशन दुकानाच्या पाटीवर दुकानाचा क्रमांक आणि शिधावाटप कार्यालयाचं नाव लिहिलेलं असतं, एक फोटो काढून ठेवा, काम झालं.

जन्म, मृत्यू, लग्न

ही तिन्ही पालिकेची कामं, पण इथंही एक मेख आहे. जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथं घडली तिथं होते, तुम्ही राहता तिथं नाही. तुम्ही ऐरोलीला राहता आणि बाळंतपण ठाण्यातल्या हॉस्पिटलला झालं तर दाखला ठाणे महापालिकेचा. माहेरी कोल्हापूरला झालं तर कोल्हापूरचा. हॉस्पिटल २१ दिवसांत कळवतं, पण कळवलं का आणि काय स्पेलिंगने कळवलं हे डिस्चार्जच्या दिवशीच बघा. आईबापाचं नाव आधारवर जसं आहे तसंच फॉर्मवर हवं, "संजय"च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पुढं शाळा, पासपोर्ट सगळीकडं ते मागं लागतं आणि दुरुस्तीला जो त्रास होतो त्याला तोड नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोरांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झालाय, त्यामुळे हलक्यात घेऊ नका. नाव ठरलं नसेल तर दाखला नावाशिवाय निघतो आणि नंतर नाव टाकता येतं, बारशाची घाई नाही.

मृत्यू घरी झाला तर आधी फॅमिली डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्याशिवाय स्मशानात अडतं. अशा वेळी कुणाचंच डोकं चालत नाही म्हणून सोसायटीतल्या एखाद्या शांत माणसाला हे काम सोपवायचं. नंतर दाखल्याच्या एकदम सात-आठ प्रती काढा, बँक, एलआयसी, पेन्शन, सोसायटी, गॅस, प्रत्येकजण ओरिजिनल मागतो.

लग्नाची नोंद नवरा किंवा बायको कुणी एक जिथं राहतं तिथल्या प्रभागात होते. ९० दिवसांत केली की लेट फी लागत नाही. भटजींना आणि साक्षीदारांना लग्नाच्या दिवशीच सांगून त्यांच्या आधारची झेरॉक्स घेऊन ठेवा, नंतर भटजी सीझनमध्ये सापडत नाहीत.

दवाखाना

इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात आणि सगळ्यात कमी माहिती इथलीच असते.

ताप, सर्दी, बीपी-शुगरच्या गोळ्या, पोरांचं लसीकरण, गरोदर बाईची नोंदणी, ह्यासाठी पालिकेचं नागरी आरोग्य केंद्र. प्रत्येक भागात एक असतं आणि निम्म्या लोकांना ते कुठं आहे हेच माहीत नसतं, बहुतेक वेळा ते एखाद्या समाजमंदिराच्या मागं किंवा मार्केटच्या वरच्या मजल्यावर असतं. शोधायचा खात्रीचा उपाय म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये पोलिओच्या वेळी जी आशाताई येते तिला विचारणं. तिचा नंबर सेव्ह करून ठेवा, कुठल्या वारी लसीकरण, डॉक्टर किती वाजता येतात, कुठली लस संपलीये, तिला सगळं ठाऊक असतं. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी "आपला दवाखाना" आहे, तो दुपारपासून रात्रीपर्यंत उघडा असतो म्हणून नोकरीवाल्यांना बरा पडतो.

त्याच्या वरचं काही असेल तर नवी मुंबईत पालिकेचं वाशीचं प्रथम संदर्भ रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय, नेरूळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, हे महापालिकेचं असून तिथंच राजीव गांधी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे सगळ्या विषयांचे डॉक्टर एका छताखाली. कळव्याला गर्दी प्रचंड असते, हे आधीच मनाशी धरून जा. ओपीडी सकाळची, केसपेपरच्या रांगेत जितक्या लवकर तितकं बरं, सोबत दोन माणसं असतील तर एकाने केसपेपरच्या रांगेत आणि दुसऱ्याने पेशंटला घेऊन ओपीडीच्या बाकावर बसायचं, नाहीतर पेशंट रांगेतच दमतो. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशन कार्ड, एक पाण्याची बाटली आणि सुटे पैसे, एवढं पिशवीत पाहिजेच. आणि जुना केसपेपर फेकू नका हो, पुढच्या वेळी तोच दाखवायचा असतो.

सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, राज्य सरकारचं. तिथं आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या बाकी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जुन्या इमारतीच्या जागी नवीन हॉस्पिटल बांधायला घेतल्यावर सिव्हिल मेंटल हॉस्पिटलच्या परिसरात हलवलं होतं, त्यामुळे रिक्षावाल्याला नुसतं "सिव्हिल" सांगून बसू नका, तुमची ओपीडी कुठं आहे ते आधी फोन करून विचारा.

आता पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. बऱ्याच जणांना अजून वाटतं ही फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची. जुलै २०२४ पासून ती सगळ्यांसाठी आहे, पांढरं कार्ड असलं तरी, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. पण तीन गोष्टी समजून घ्या. एक, योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच चालते आणि त्या हॉस्पिटलला तुमच्या आजाराची मंजुरी हवी, एखाद्या ठिकाणी किडनीचं होतं पण हार्टचं नाही असं असू शकतं. दोन, यादीतल्या उपचारांसाठीच, साध्या तापाच्या अॅडमिशनला धरून चालू नका. तीन आणि सगळ्यात महत्त्वाचं, अॅडमिट होतानाच सांगायचं. हॉस्पिटलच्या लॉबीत एक टेबल असतं, तिथं आरोग्यमित्र बसतो, रिसेप्शनच्या आधी त्याच्याकडं जा, रेशन कार्ड आणि आधार दाखवा आणि विचारा, "ह्या आजाराला योजना लागते का?" डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर योजना आठवली तर फार काही होत नाही. इमर्जन्सी असेल तर आधी अॅडमिट करून फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, आरोग्यमित्रालाच सांगा. टेबलावर कुणी नसेल तर १५५३८८ वर फोन लावा. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं.

योजनेत बसत नाही आणि हॉस्पिटल तर मोठं खासगी आहे, मग? बघा की ते हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलना दहा टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याला, म्हणजे सोशल वर्करला भेटायचं. काउंटरवरचा माणूस "आमच्याकडं असं काही नाही" म्हणेल, त्याच्याशी हुज्जत घालू नका, सोशल वर्करचं नाव आणि केबिन विचारा. किती खाटा रिकाम्या आहेत ते धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर बघता येतं, तो स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये असला की बोलणं लवकर संपतं. इमर्जन्सीत धर्मादाय हॉस्पिटलने डिपॉझिटसाठी अडवायचं नसतं. म्हणूनच मी सगळ्यांना सांगत असते, उत्पन्नाचा दाखला फक्त पोरांच्या अॅडमिशनपुरता नाही, दरवर्षी काढून कपाटात ठेवा. त्यापुढं मुख्यमंत्री सहायता निधी आहे, त्याचा वैद्यकीय मदत कक्ष मंत्रालयात आहेच, २०२५ पासून कलेक्टर ऑफिसातही कक्ष सुरू केलेत, अर्ज मात्र उपचार चालू असतानाच करा.

कुत्रा चावला तर, आणि आपल्याकडं चावतोच, हळद-मिरची काही लावू नका. वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जखम धुवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथं मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीसोबत सिरमही लागतं, ते लहान केंद्रात नसतं, मोठ्या हॉस्पिटलला जावं लागतं, म्हणून थेट तिकडंच गेलेलं बरं. आणि डोस पूर्ण करा, दोन घेतले आणि बरं वाटतंय म्हणून सोडलं असं इथं चालत नाही.

टीबीचं औषध पूर्ण मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये बँकेत येतात, खासगी डॉक्टरकडं उपचार चालू असले तरी नोंदणी झाली असेल तर मिळतात. कॅन्सरसाठी परळच्या टाटाला पळायच्या आधी खारघरचं टाटा मेमोरियलचंच केंद्र म्हणजे अॅक्ट्रेक लक्षात घ्या, पनवेल-नवी मुंबईकरांना जवळ आहे. मनाच्या तक्रारींसाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, लोक नाव ऐकून दचकतात, पण तिथं रोजची ओपीडी चालते, झोप लागत नाही, फार निराश वाटतं, दारू सुटत नाही, ह्यासाठी माणसं येतात, तपासून घेतात आणि गोळ्या घेऊन घरी जातात. बोलायचंच असेल तर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

तक्रार करायची असेल तर

पाणी, कचरा, गटार, झाड, खड्डा. आधी हे कुणाचं ते बघा, कारण सायन-पनवेल हायवे पीडब्ल्यूडीचा, पामबीच नवी मुंबई पालिकेचा, एमआयडीसीतले काही रस्ते एमआयडीसीचे, खारघरला पाणी सिडकोचं. चुकीच्या ठिकाणी तक्रार केली की ते "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून महिन्याने बंद करतात. फोटो काढा, त्यात जवळच्या दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर येईल असा काढा, पालिकेच्या अॅपवर किंवा प्रभागात द्या, तक्रार क्रमांक घ्या. नुसतं ग्रुपवर फोटो टाकून "हेच का स्मार्ट सिटी" लिहून खड्डा बुजत नाही, करून बघितलंय सगळ्यांनी.

मग आपलं ठाण्याचं जुनं औषध आहेच, पक्षाच्या शाखेत जा किंवा नगरसेवकाच्या ऑफिसला जा. पक्ष कुठलाही असो, संध्याकाळी सात-साडेसातनंतर तिथं कुणीतरी असतंच आणि त्यांना प्रभागातला कुठला माणूस कुठल्या खुर्चीवर आहे हे पाठ असतं. पण तक्रार क्रमांक घेऊन जा, तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं.

तरी नाही झालं तर लोकशाही दिन नावाची गोष्ट असते, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कलेक्टर ऑफिसला आणि महापालिकेतही, तिथं मोठ्या साहेबांसमोर थेट मांडता येतं, फक्त अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. "आपले सरकार"वर तक्रार निवारणाचा वेगळा भाग आहे, तिथं २१ दिवसांत उत्तर यायला हवं. आणि शेवटी माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत. आरटीआयमध्ये "काम का केलं नाही" असं विचारू नका, "माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कुठल्या तारखेला कुणी काय शेरा मारला, त्याची प्रत द्या" असं विचारा, मग उत्तर टाळता येत नाही.

पोलिसांचं एकच सांगते. हद्द कुठलीही असो, गुन्हा घडला असेल तर कुठलंही पोलीस स्टेशन झिरो एफआयआर घेऊ शकतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवलं तर शांतपणे झिरो एफआयआरचं नाव काढा. ऑनलाइन पैसे गेले तर पोलीस स्टेशनच्या आधी १९३०, पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यातच अडकवायची शक्यता बरीच असते.

हे नंबर आत्ताच सेव्ह करा

११२ सगळ्या इमर्जन्सीला, १०८ अॅम्ब्युलन्सला, १०२ गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी. १०८ ला फोन केला की आधी पत्ता नाही, जवळची ठळक खूण सांगा, घोडबंदरच्या टॉवरांची नावं सगळी सारखीच असतात, "तीन नंबर गेट, अमुक शाळेसमोर" असं सांगितलं की गाडी भटकत नाही, आणि वॉचमनला गेट उघडून उभं करा. लहान मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मतदार यादीसाठी १९५०, आधारसाठी १९४७. फुकट वकील हवा असेल तर १५१००, ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे आणि बायकांना तिथं उत्पन्नाची अटच नाही, नवऱ्याचा पगार कितीही असो. हे फार कमी जणींना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहिते.

बाकी घरात आजी-आजोबा गावाहून नुकतेच येऊन दिवसभर चौथ्या मजल्यावर टीव्ही बघत बसले असतील तर नवी मुंबईत पालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, पेपर, कॅरम, गप्पा, कधी डॉक्टरांचं शिबिर, विभाग कार्यालयात विचारलं की जवळचं कुठलं ते सांगतात. ठाण्यात बहुतेक तलावांवर सकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरलेला असतो, तिथं ओळख करून द्यायची आणि बाजूला व्हायचं, पुढचं ते बघतात. वाचणारे असतील तर मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं, ठाण्यातलंच. घरात दिव्यांग मूल असेल तर वाशीचं पालिकेचं ईटीसी केंद्र एकदा जाऊन बघाच, थेरपी, शिक्षण, प्रशिक्षण सगळं एका ठिकाणी आहे, आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन टाकला की तपासणीसाठी सरकारी हॉस्पिटलची तारीख मिळते, त्या दिवशी जुने सगळे रिपोर्ट आणि पोराचा खाऊ दोन्ही घेऊन जा, अर्धा दिवस सहज मोडतो.